कुकरची शिट्टी होत नाही, वाफ कडेनेच जाते: रिंग आणायला पळण्याआधी हे बघा

तक्रार साधारण या पाच रूपांत येते. तुमची कुठली ते आधी ओळखा, कारण प्रत्येकीचं कारण वेगळं असतं.

- झाकणाच्या कडेने फुसफुस वाफ जाते, थेंब ओघळून शेगडीवर पडतात, चर्र आवाज येतो आणि शिट्टी काही उचलत नाही.
- शिट्टीखालून वाफ सारखी निसटत राहते, पण शिट्टी जोर धरून होत नाही.
- शिट्टी होते, पण तिच्याबरोबर डाळीचं पिवळं पाणी उडतं. ओटा, टाइल्स, बाजूची बरणी, सगळं माखतं.
- शिट्ट्या नेहमीसारख्या होतात, डाळ मात्र कणीदारच राहते.
- कुठूनच वाफ येत नाही. मोठ्या आचेवर पंधरा मिनिटं झाली तरी कुकर गप्प.

शेवटचं लक्षण आधी घेते, कारण तिथे वाचत बसायला वेळ नसतो. आच मोठी आहे, आत पाणी आहे आणि तरी कडेने, शिट्टीखालून, कुठूनच वाफ नाही, म्हणजे शिट्टीची नळी बुजलेली असू शकते आणि दाब आत साठत चालला आहे. गॅस बंद करा. शिट्टीला हात लावू नका, झाकण हलवून बघू नका, वरून वाकून तर मुळीच बघू नका. कुकर आहे तिथेच पूर्ण गार होऊ द्या, अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. मग उघडा आणि खाली नळीबद्दल लिहिलंय ते करा. बाकीच्या चार तक्रारींत डोकं उठतं, पण तेवढी घाई नसते.

मी जळगावला डबे करते. मुलांचे, नोकरदारांचे. सकाळी लहानमोठे कुकर एकामागून एक चढतात, त्यातला एखादा कायम रुसलेला असतो, आणि डब्याची वेळ काही कोणासाठी थांबत नाही. म्हणून हे सगळं हाताखालून गेलं. आता गल्लीतल्या बायकाही आपापले कुकर घेऊन येतात. धुळ्याकडच्या एक मावशी आहेत, त्यांचं वाक्य ठरलेलं: "मना कुकरनी शिट्टीच होत नही वं माय, रबर गयं वाटस." रबर म्हणजे गॅसकेट, दुकानात रिंग म्हणतात ती. आणि बऱ्याचदा रबर गेलेलंच नसतं. नवी रिंग आणून बसवली तरी वाफ तिथूनच जाते, आणि मग दोष रिंगच्या कंपनीला.

कुकरचं काम एवढंच आहे: आत तयार झालेली वाफ कोंडायची. दाब साधारण चौरस सेंटीमीटरला एक किलोपर्यंत चढला की आतलं पाणी शंभराऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर गळते. शिट्टीचं वजनही तेवढाच दाब पेलेल असं ठरवलेलं असतं. त्याहून जास्त झाला की ते उचललं जातं आणि जादा वाफ बाहेर. कडेने वाफ निसटत राहिली तर तेवढा दाब कधी चढतच नाही. त्यामुळे विचारायचा प्रश्न एकच: वाफ कुठून जाते? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

पहिली तपासणी: नुसतं पाणी

खर्च शून्य. कुकरमध्ये दोन वाट्या पाणी घाला, दुसरं काही नाही. झाकण लावा, शिट्टी अजून लावू नका. गॅस मोठा करा. नळीतून वाफेची सरळ धार यायला लागली की शिट्टी बसवा आणि एक पाऊल मागे उभं राहून बघा.

नुसत्या पाण्यावर पाच-सात मिनिटांत खणखणीत शिट्टी झाली, तर कुकर ठीक आहे. बिघाड तुमच्या डाळीत, पाण्याच्या मापात किंवा भरण्यात आहे. शिट्टी झाली नाही, तर वाफ कुठून येते ते आता स्पष्ट दिसेल, कारण मध्ये फेस नाही, फोडणी नाही. मुठीच्या बाजूने येते, मुठीच्या समोरच्या बाजूने येते, पूर्ण गोल कडेने येते, शिट्टीखालून येते, की झाकणावरच्या सेफ्टी वॉल्व्हमधून, म्हणजे कुकर फार तापला की वाफेला वाट देणाऱ्या छोट्या बटणातून येते, हे नीट बघून ठेवा. स्टीलची ताटली उभी धरून कडेभोवती फिरवली की जिथे वाफ आहे तिथे ती लगेच धुरकट होते. हात फिरवू नका. वाफेचा चटका तव्याच्या चटक्यापेक्षा वाईट असतो.

आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर असेल, म्हणजे झाकण तिरकं करून आत घालायचं आणि वर ओढून दांडा अडकवायचा तो, तर सुरुवातीला कडेने थोडी वाफ येणारच. ते झाकण आतल्या दाबानेच वर दाबलं जाऊन घट्ट बसतं. दाब चढेपर्यंत जरा दम धरा.

आच

हसू नका. सिलिंडर संपत आला की ज्योत दिसते पण जोर नसतो, आणि आपण कुकरला शिव्या घालतो. बर्नरच्या भोकांत उतू गेलेलं दूध, वरण सुकून बसलं की अर्धी भोकं पेटतच नाहीत. ज्योत निळी आणि चहूकडून सारखी हवी. पिवळी असेल, एका बाजूला झुकत असेल, तर बर्नर काढून टाचणीने भोकं मोकळी करा, धुऊन पूर्ण वाळवून बसवा. कुकर लहान शेगडीवरून मोठ्या शेगडीवर ठेवून बघितला तरी उत्तर मिळतं. बर्नर साफ करूनही ज्योत पिवळीच राहिली किंवा गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद करून शेगडीवाल्याला बोलवा. पाइप आणि रेग्युलेटर हे घरी उघडायचं सामान नाही.

खेड्यात अजून चुलीवर पऱ्हाट्या नाहीतर तुराट्या, म्हणजे कपाशीची नाहीतर तुरीची वाळकी झाडं लावून कुकर चढवतात. पऱ्हाटी भसकन पेटते आणि तशीच बसते. आच सारखी राहिली नाही की दाब अर्धा चढतो, उतरतो, परत चढतो. शिट्टी होत नाही त्याचं कारण तिथे बऱ्याचदा हेच असतं. शिवाय जाळ बाजूने वर येऊन मूठ भाजते. ते पुढे येईलच.

पाणी किती, भरणा किती

पाणी कमी असेल तर वाफच पुरेशी होत नाही. कडेने थोडी गळती असलेल्या कुकरमध्ये तर पाणी आधी आटतं, मग तळ लागतो, मग सेफ्टी वॉल्व्ह जातो. एका छोट्या गळतीतून दोन मोठे खर्च असे निघतात. डब्यात डाळ-भात लावत असाल तर बाहेरच्या भांड्यात किमान दीड-दोन वाट्या पाणी हवंच.

आणि भरणा जास्त झाला तर पिवळं पाणी उडतं. भाजी, बटाटे असतील तर कुकर दोन तृतीयांशापर्यंत भरा. डाळ, तांदूळ, कडधान्य, जे फुगतं आणि फेसाळतं ते, पाण्यासकट अर्ध्यापर्यंतच. ही मर्यादा नुसती ओटा घाण होऊ नये म्हणून नाही. तोच फेस नळीत चढतो, तिथेच सुकतो आणि पुढच्या वेळी नळी बुजवतो. तूर आणि उडीद दोन्ही फेसाळतात, त्यात उडदाचा फेस चिकट. आमच्याकडे उडदाची डाळ आठवड्यातून एकदा तरी असतेच, त्यामुळे हे रोजचं दुखणं. डाळ पाणी नितळ येईपर्यंत धुवा, चमचाभर तेल घाला आणि पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा. तेलाने फेस बसतो.

जाता जाता एक. शिट्ट्या मोजून शिजवण्याची सवय मला कधी पटली नाही. शिट्टी आच किती, कुकर केवढा, आत पाणी किती यावर होते. मोठ्या आचेवर दोन मिनिटांत तीन होतील आणि डाळ कच्ची राहील. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून घड्याळ बघावं. भिजवलेल्या तुरीला दहा मिनिटं पुरतात. पण हे मी सांगते आणि घरातली माणसं शिट्ट्याच मोजतात.

शिट्टी आणि तिची नळी

वाफ शिट्टीखालून सारखी निसटत असेल तर इथे बघा. गार झाल्यावर शिट्टी काढा, उलटी करा, आत बोटाच्या टोकाने फिरवा. वाळलेल्या डाळीचा कण किंवा क्षाराची पांढरी खरड लागेल. तेवढ्याने शिट्टी तिच्या जागेवर सपाट बसत नाही. कोमट पाण्यात घालून ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. शिट्टीचं आतलं टोक वाकलेलं असेल किंवा शिट्टी नळीवर डुलत असेल तर नवीच घ्या, त्याच कंपनीची आणि त्याच मॉडेलची. दुसऱ्या कुकरची शिट्टी "बसते की" म्हणून लावू नका. तिचं वजन वेगळं असतं, म्हणजे दाब वेगळा. आणि शिट्टीवर नाणं, चिमटा, दगड असलं काही ठेवून वाफ दाबण्याचा विचार मनात आला असेल तर तिथेच सोडा.

आता नळी. झाकण उचलून खिडकीकडे धरा आणि नळीतून आरपार बघा. उजेडाचा गोल ठिपका पूर्ण दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर आत काहीतरी आहे. कडधान्य करणाऱ्या घरात हे बहुधा साल असतं: मठाचं, म्हणजे मटकीचं, किंवा मुगाचं एक पातळ साल, ओलं असताना बुळबुळीत, सुकलं की नळीच्या आतल्या भिंतीला कागदासारखं चिकटलेलं. वरून फुंकलं तर हलत नाही. आतल्या बाजूने, म्हणजे झाकणाच्या पोटाकडून, बारीक तार किंवा सुई घालून सोडवावं लागतं आणि मग नळाखाली धरून धुवावं. तार तशीच वरून रेटली तर साल आणखी गच्च बसतं. काही कुकरच्या नळीला आतून जाळीची टोपी असते, तीही काढून धुवा.

उजेडातून बघण्याची ही सवय मी प्रत्येक वेळी झाकण लावताना ठेवली आहे. दोन सेकंद लागतात. गप्प बसलेला कुकर, जो सुरुवातीला सांगितला, तो नेमका ही नळी न बघितल्यामुळे होतो.

बोरचं पाणी वापरत असाल तर नळीत क्षारही बसतो. खानदेशात तर बोर आणि जडपाणी ही ठरलेली जोडी: बादलीला, गिझरला, नळाच्या तोटीला जो पांढरा थर बसतो, तोच कुकरच्या नळीत आणि शिट्टीत बसतो. महिन्यातून एकदा कुकरमध्ये चार वाट्या पाणी आणि चमचाभर लिंबूसत्व किंवा दोन पिळलेल्या लिंबांची सालं घालून झाकण न लावता उकळा. त्याच गरम पाण्यात शिट्टी टाकून ठेवा. थर सुटतो. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडतो तोही पाण्यामुळेच. डबे ठेवताना खालच्या पाण्यात चिंचेचं बुटूक टाकलं की काळेपणा धरत नाही. चिंच फक्त त्या खालच्या पाण्यात. चिंचेची आमटी मात्र अ‍ॅल्युमिनियममध्ये रात्रभर ठेवू नये.

कड आणि रिंगची खोबण

आता रिंगकडे. पण आधी रिंग बाहेर काढून ती जिथे बसते ती खोबण बघा. झाकणाच्या आतल्या कडेला नखाने एक फेरी मारा. तेलकट, चिकट, मसाल्याने काळवंडलेला थर निघेल. आमच्या स्वयंपाकात तेल सढळ, कुकरमध्येच फोडणी देऊन थेट मसाल्याची भाजी लावायची पद्धत, त्यामुळे हा थर लवकर साठतो. त्यात डाळीची एक कणी अडकली तरी रिंग तेवढ्या जागी उचलली जाते आणि तिथूनच वाफ. गरम पाणी, साबण, ब्रश. भांड्याची कडही तशीच पुसून घ्या. रिंग धुऊन, ओलीच बसवा.

नुसत्या या धुण्याने अर्धे कुकर सुधारतात.

रिंग: खरंच गेली आहे का?

तीन गोष्टी बघा. रिंग दोन बोटांत धरून दुमडा. दुमडलेल्या जागी बारीक भेगा दिसल्या तर गेली. झाकणात बसवून झाकण उलटं करा. रिंग सैल होऊन खाली लोंबली किंवा कडेपासून सुटली तर ताणली गेली आहे. आणि नख दाबा. नखाचा वळ उमटून परत भरून यायला हवा. नख टेकतच नाही, रिंग प्लॅस्टिकसारखी टणक लागते, तर ती वाफ धरणार नाही.

दोन्ही बाजू सारख्या असलेली रिंग उलटी करून बसवली तर काही दिवस निभतात, कारण घासलेली बाजू बदलते. फ्रीजरमध्ये पंधरा मिनिटं ठेवण्याचा उपाय सगळ्यांना माहीत आहे. त्याने एखादी वेळ निघते, पाहुणे दारात असताना ठीक आहे, पण दुसऱ्या दिवशी दुकान गाठा. रिंगच्या मागे दोरा गुंडाळणं, कापडाची चिंधी घालणं, कणीक थापणं हे कृपा करून करू नका. दाबाखाली ती चिंधी निघून नळीत जाऊ शकते, किंवा रिंग एका बाजूने सटकून उकळतं वरण बाहेर येऊ शकतं.

रिंग लवकर का जाते, तर उष्णतेने. ती शिजताना सोसते त्यापेक्षा नंतर जास्त सोसते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो आणि घासलेली भांडी आपण गच्चीवर उन्हात उपडी घालतो, कुरडया-बिबड्यांच्या शेजारी. भांडं घाला खुशाल. रिंग घालू नका. भर उन्हातल्या कट्ट्यावर पडलेली रिंग एका उन्हाळ्यात तडकते. ती घरात, सावलीत, खिळ्याला न टांगता सपाट वाळवा. टांगली की ताणली जाते. आणि कुकर ठेवताना झाकण घट्ट लावून ठेवू नका, उलटं करून भांड्यावर ठेवा. दबून राहिलेली रिंग चपटी होते.

विकत घेताना जुनी रिंग हातात घेऊन जा, कुकरच्या मुठीवर किंवा बुडाखाली लिहिलेलं मॉडेलचं नाव आणि लिटर फोनमध्ये फोटो काढून न्या. पाच लिटर म्हणजे सगळी एकच रिंग असं नसतं. आतल्या झाकणाची आणि बाहेरच्या झाकणाची रिंग तर पूर्ण वेगळी. बाजारात ढिगाने मिळणारी बिननावाची रिंग स्वस्त पडते, पण तिची जाडी जरा इकडेतिकडे असली की एकतर झाकण बसत नाही, नाहीतर वाफ थांबत नाही. कंपनीची रिंग साधारण शंभर-दोनशे रुपयांच्या आत येते. रोज कुकर लावणाऱ्या घराने वर्षाला एक बदलावी.

बाहेरून बसणाऱ्या काही झाकणांच्या काठाला एक लांबट खाच असते. दाब फार वाढला तर रिंग त्या खाचेतून बाहेर ढकलली जावी आणि वाफ सुटावी, यासाठी ती असते. रिंग तिथून फुगून बाहेर आलेली दिसली तर रिंगला दोष देऊ नका; नळी बुजली होती. परत नळीकडे जा.

मुठीचे स्क्रू

रिंग नवी, नळी मोकळी, खोबण स्वच्छ, तरी वाफ मुठीच्या बाजूनेच जाते. आता झाकण लावून दोन्ही मुठी एकावर एक बरोबर येतात का बघा. खालची मूठ हाताने हलवा. हलली, तर स्क्रू सैल आहे. मूठ सैल म्हणजे झाकण पूर्ण फिरून अडकत नाही, अर्धवट लागतं आणि त्या बाजूला फट राहते. पेचकसाने घट्ट करा. फार पिळू नका, मुठीचं बॅकेलाइट, म्हणजे ते काळं कडक प्लॅस्टिक, तडकतं.

चुलीवरच्या कुकरची मूठ भाजून भुसभुशीत झालेली असते, स्क्रू नुसताच गोल फिरतो, धरत नाही. मूठ बदला. त्यात तार गुंडाळून किंवा एम-सील भरून चालवणारे मी बघितलेत. गरम वरणाने भरलेला कुकर उतरवताना तीच मूठ हातात येते आणि भांडं खाली जातं.

इथे थांबा

इथपर्यंतचं घरी होतं. यापुढचं दुरुस्तीवाल्याकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायचं.

*भांड्याची कड.* कुकर रिकामा करून भांडं उपडं काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि कडेखालून उजेड येतो का बघा. एका जागी फट दिसली तर कड दबली आहे. याला जबाबदार पळी. वरण ढवळलं की पळी कुकरच्या काठावर टणटण आपटून झाडायची, ही सवय घराघरांत आहे. अ‍ॅल्युमिनियम मऊ. रोजच्या त्या टकटकीने काठाला बारीक खाचा पडतात. बोट फिरवलं तर करवतीसारखं लागतं. तिथे कुठलीही रिंग वाफ धरणार नाही. बाजारात बसणारे काही जण "ठोकून सरळ करून देतो" म्हणतात. दाबाच्या भांड्याची कड ठोकून घेऊ नका. एक बाजू सरळ होते, दुसरी लाटेसारखी होते. बारीक खाच असेल तर चांगला कारागीर बघून सांगतो. कड वाकडी झाली असेल तर तो कुकर साध्या पातेल्यासारखा वापरा, बट्ट्या उकडायला उत्तम, पण झाकण लावून दाबाला नको.

*सेफ्टी वॉल्व्ह.* याच्या पोटात लवकर वितळणारा धातू असतो. पाणी आटलं, तापमान वाढलं की तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. तो एकदा गेला की परत भरता येत नाही, बदलावाच लागतो, आणि कंपनीचाच बसवावा लागतो. तिथून वाफ येत असेल तर कुकर बंद. तिथे एम-सील लावणं, साधा बोल्ट घट्ट बसवणं, नाक्यावर कुणीतरी झाळून दिला म्हणून वापरणं, यातलं काहीही करू नका. नळी बुजली तर मग वाफेला दुसरी वाटच उरत नाही. वॉल्व्ह नवा बसवला आणि थोड्याच दिवसांत परत गेला, तर दोष वॉल्व्हचा नाही. कुठेतरी गळती आहे, पाणी आटतंय. पहिल्या तपासणीपासून परत सुरू करा.

*तळ.* फरशीवर ठेवल्यावर कुकर डुलतो, गिरकी घेतो, म्हणजे तळ फुगला आहे. कोरडा तापला किंवा तापलेल्यावर एकदम गार पाणी पडलं की असं होतं. इंडक्शनवर तर असा कुकर नीट तापतच नाही. तडा, झाकणाच्या अडकणाऱ्या दातांची झीज, भांड्याला बारीक भोक, यातलं काहीही दिसलं तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. कारागीर झाळून देईलही. दाबाखाली ती झाळ कधी सुटेल याची खात्री कोण देणार?

शिट्ट्या होतात, डाळ शिजत नाही

हा कुकरचा दोष नाही, पण कुकर घेऊन येणाऱ्यांत ही तक्रार कायम असते, म्हणून. जडपाण्यात कॅल्शियम असतं. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन त्याने आणखी पक्कं होतं, मग कितीही शिट्ट्या करा, कणी मोडत नाही. वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेल्या जुन्या डाळीचंही तसंच. पडताळा सोपा आहे: तीच डाळ एका डब्यात बोरच्या पाण्यात, दुसऱ्या डब्यात फिल्टरच्या किंवा जारच्या पाण्यात, एकाच कुकरमध्ये लावा. फरक चमच्याने दाबून कळतो. मी डाळ शिजवण्यापुरतं फिल्टरचं पाणी वापरते, बाहेरच्या भांड्यात बोरचं चालतं. डाळ अर्धा तास भिजवा. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ गळल्यावर घाला, आधी नाही. आंबट पडलं की डाळ तशीच आखडून राहते. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने डाळ मऊ होते खरी, पण अ‍ॅल्युमिनियम काळं पडतं आणि चवीलाही लागतो. वरण-बट्टीच्या वरणाला तर मी तो कधीच घालणार नाही.

नवाच घ्यायचा ठरला तर

आयएसआयचा शिक्का आणि आयएस २३४७ हा क्रमांक बघा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला तो सक्तीचा आहे, तरी बिनशिक्क्याचे कुकर अजून मिळतात, विशेषतः ऑनलाइन आणि लग्नाच्या रुखवतात. तीन-चार माणसांना तीन लिटर, पाच-सहांना पाच लिटर. "पुढे लागेल" म्हणून दोन माणसांनी साडेसातचा घेऊ नये. थोड्याशा डाळीला त्यात वाफ धरायलाच वेळ आणि गॅस जातो. अ‍ॅल्युमिनियम हलकं, स्वस्त, लवकर तापतं, पण जडपाण्यात काळं पडतं आणि कड मऊ. स्टीलची कड टिकते, बोरच्या पाण्याला स्टीलच बरं. मात्र तळ जाड, तीन थरांचा बघून घ्या, पातळ तळाला डाळ लागते.

आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला त्याच मॉडेलची रिंग आणि सेफ्टी वॉल्व्ह दाखवायला सांगा. त्याच्याकडे आत्ता नसेल तर वर्षभराने रिंगसाठी तुम्हाला जळगावचा फेरा पडणार. असेल, तर एक रिंग तिथेच जादा घेऊन टाका.